आधी मुलाखत, मग मनातली यादी

अमेरिकेत रेसिडेन्सी मागणाऱ्या आपल्या डॉक्टरांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे. ज्याचे गुण बेताचे आहेत, ज्याची एखादी परीक्षा पहिल्या खेपेला हुकली आहे किंवा ज्याला एमबीबीएस होऊन सात-आठ वर्षं उलटली आहेत, त्याने म्हणे रँक लिस्टमध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या यादीत, आवडीचं हॉस्पिटल पहिल्या क्रमांकावर टाकू नये. ‘तिथे तुझा नंबर लागायचा नाही, आणि त्या नादात दुसऱ्या क्रमांकावरचंही हातचं जाईल,’ असं सीनियर सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे कळायला १९५१ सालच्या एका वादाकडे जावं लागतं.

त्या काळी अमेरिकेत इंटर्न कमी आणि त्यांच्यासाठीच्या जागा जास्त होत्या. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नये म्हणून हॉस्पिटलं एकमेकांच्या आधी हात घालायची. होता होता शिक्षण संपायला दोन वर्षं असतानाच नेमणुका ठरू लागल्या. १९४५च्या सुमारास कॉलेजांनी विद्यार्थ्यांची गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं ठरावीक तारखेआधी द्यायचीच नाहीत असं ठरवलं. त्याने नेमणुकांची घाई थांबली, पण दुसरा त्रास सुरू झाला. हॉस्पिटल जागा देऊ करायचं आणि लगेच उत्तर मागायचं. मनातल्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षायादीत असलेल्या मुलाने काय करावं? हातातली जागा सोडावी, की ती घेऊन पुढची आशा सोडावी? १९४९पर्यंत विचारासाठी दिलेली बारा तासांची मुदतही हॉस्पिटलांना जास्त वाटू लागली होती.

यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या पसंतीच्या याद्या एका ठिकाणी गोळा करून जोड्या लावायच्या असं ठरलं. पहिला आराखडा सरळसोट होता. ज्यांनी एकमेकांना पहिली पसंती दिली, त्यांच्या जोड्या आधी लावायच्या, मग एकाची पहिली आणि दुसऱ्याची दुसरी पसंती जुळणाऱ्यांच्या, आणि असंच पुढे. विद्यार्थ्यांनी यातली गोम ओळखली. एखाद्याने हिंमत करून मोठं हॉस्पिटल पहिलं लिहिलं आणि तिथे त्याचा नंबर लागला नाही, तर तोवर त्याच्या दुसऱ्या पसंतीची जागा ती पहिली लिहिणाऱ्या कुणीतरी नेलेली असे. म्हणजे खरी आवड लिहिणाऱ्यालाच शिक्षा. हार्वर्डचा एक विद्यार्थी, पुढे बालशल्यचिकित्सक म्हणून नावाजलेला हार्डी हेन्ड्रेन, याच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची समिती उभी राहिली, तिने आराखडा बदलायला लावला आणि १९५२ साली बदललेल्या पद्धतीने पहिलं मॅच पार पडलं.

म्हणजे आजही जो सल्ला कॅन्टीनमध्ये दिला जातो, तो १९५१च्या रद्द झालेल्या आराखड्याला लागू पडला असता. आजच्या मॅचला तो लागू पडत नाही.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी, मॅचशी काही संबंध नसताना, जोड्या लावण्याच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. दोन्ही बाजूंच्या याद्या असतील तर अशा जोड्या नेहमी लावता येतात की कुठलाही उमेदवार आणि कुठलंही हॉस्पिटल आपापली जोडी मोडून एकमेकांकडे जायला तयार होणार नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं. १९८४मध्ये अल्विन रॉथ यांनी दाखवून दिलं की डॉक्टरांचं मॅच १९५२पासून जवळजवळ हेच करत होतं, फक्त हॉस्पिटलच्या बाजूने सुरुवात करून. पुढे रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी ती पद्धत उलटी केली. १९९८च्या मॅचपासून सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते. २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅपली यांना मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

हे यंत्र चालतं कसं, ते एका छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, ‘क’ आणि ‘ख’ या दोन हॉस्पिटलांत एकेक जागा आहे. आपला बेताच्या गुणांचा अनंत ‘क’ पहिलं आणि ‘ख’ दुसरं लिहितो. बेला ‘क’ पहिलं लिहिते, चित्रा ‘ख’ पहिलं लिहिते. ‘क’च्या यादीत बेला अनंतच्या वर आहे आणि ‘ख’च्या यादीत अनंत चित्राच्या वर आहे. यंत्र आधी अनंतला ‘क’मध्ये बसवतं, पण तात्पुरतं. चित्राला ‘ख’मध्ये बसवतं, तेही तात्पुरतं. मग बेला येते आणि ‘क’मधून अनंत उठतो. तो आता दुसऱ्या पसंतीकडे, ‘ख’कडे जातो. ‘ख’ला चित्रापेक्षा अनंत हवा आहे, म्हणून चित्रा उठते आणि अनंतला जागा मिळते. चित्राने ‘ख’ पहिलं लिहिलं होतं याचा तिला काही फायदा झाला नाही आणि अनंतने आधी ‘क’ लिहून पाहिलं याचा त्याला काही तोटा झाला नाही. शेवटचा उमेदवार बसेपर्यंत कुणाचीच जागा पक्की होत नाही. उमेदवाराने आपल्याला कितव्या क्रमांकावर लिहिलं आहे, हे हॉस्पिटलला दिसतच नाही.

तेव्हा रँक लिस्ट लिहिताना ‘आपलं तिथे होईल का’ हा विचार पूर्ण बाजूला ठेवा. जिथे खरंच जायचं आहे त्या क्रमाने लिहा. यंत्र कमकुवत उमेदवाराला वेगळं वागवत नाही. या सगळ्या प्रवासात त्याला निर्धास्तपणे खरं बोलता येईल अशी ही एकच जागा आहे.

अडचण रँक लिस्टच्या कितीतरी आधी सुरू होते. जिथे मुलाखत झाली, तीच ठिकाणं रँक लिस्टमध्ये लिहिण्यात अर्थ असतो. दरवर्षी जे आकडे गाजतात ते याच कारणाने दिशाभूल करतात. २०२५च्या मॅचमध्ये अमेरिकेत एमडी करणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकन नागरिक नसलेल्या डॉक्टरांमध्ये, म्हणजे आपल्या मुलामुलींच्या गटात, हे प्रमाण ५८ टक्के होतं. ऐकून वाटतं, निम्म्याहून जास्त जणांचं होतं की! पण ही टक्केवारी रँक लिस्ट भरलेल्यांची आहे. ज्यांना एकही मुलाखत आली नाही आणि जे फेब्रुवारीतच गप्प बसले, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. मुलाखतींची संख्या जसजशी वाढते, तसतशी मॅच होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. शून्य मुलाखतींवरून चारपर्यंत जाणं हे चारावरून बारापर्यंत जाण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. कमी ताकदीच्या उमेदवाराची खरी लढाई त्या पहिल्या चारांसाठी असते.

मुलाखत कुणाला द्यायची हे कसं ठरतं? मध्यम आकाराच्या इंटर्नल मेडिसिन प्रोग्रॅमकडेही दोन-तीन डझन जागांसाठी हजारांनी अर्ज येतात. ते सगळे वाचणं शक्य नसतं, म्हणून इरास या अर्जप्रणालीत चाळण्या लावल्या जातात. यूएसएमएलई या परवाना परीक्षेतल्या स्टेप टू सीकेचे गुण, परीक्षेचे प्रयत्न, पदवीचं वर्ष, व्हिसाची गरज. चाळणीत गळलेला अर्ज कुणी उघडूनही पाहत नाही. त्यात किती सुंदर निबंध लिहिला आहे, कुणाचं शिफारसपत्र आहे, याला मग काही अर्थ उरत नाही. जानेवारी २०२२पासून स्टेप वनला गुण देणं बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. त्यामुळे आकड्याचा सगळा भार स्टेप टू सीकेवर आला. ज्याची स्टेप वन एकदा हुकली आहे, त्याला स्वतःला सावरायची संधी इथेच आहे. ही परीक्षा उरकून टाकायची नाही. सराव परीक्षांत हवे तसे गुण पडत नसतील तर तारीख पुढे ढकला. वर्ष गेल्याचं दुःख होतं, पण दुसरी नापासाची नोंद त्याहून कितीतरी महाग पडते. प्रयत्न लपवता येत नाहीत, अधिकृत गुणपत्रकावर प्रत्येक प्रयत्न छापलेला असतो. आता एका स्टेपला जास्तीत जास्त चारच प्रयत्न मिळतात, हेही ध्यानात ठेवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. परीक्षेतले प्रश्न आठवून जमवलेले संच पैसे घेऊन पुरवणारे लोक आपल्याकडेही भेटतात. जानेवारी २०२४मध्ये नेपाळशी संबंधित अनेक परीक्षार्थींचे निकाल यूएसएमएलईने रद्द केले. गैरवर्तनाचा शेरा गुणपत्रकावर आला की कुठलीही हुशारी तो पुसू शकत नाही. कमी गुणांनी दार उघडायला वेळ लागतो. त्या शेऱ्याने ते बंद होतं.

चाळणी जर ठरावीक निकषांवर लागते, तर उमेदवाराने आपल्याच हाताने उलटी चाळणी लावायला हवी. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. २०२४-२५च्या हंगामापासून इरासचा दर असा आहे: एका शाखेत पहिल्या तीस अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर. दीडशे अर्जांचे ३,९३० डॉलर होतात, म्हणजे तीन लाख रुपयांहून जास्त. ‘सगळीकडे टाकून ठेवू’ म्हणत इतके पैसे घालवण्यापेक्षा ऑगस्टचा महिना एका कोष्टकावर घालवा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंट्सची नावं आणि त्यांची कॉलेजं असतात. त्यांत परदेशी कॉलेजांतले किती आहेत? व्हिसा दिला जातो का, आणि कोणता? पदवीच्या वर्षाची अट आहे का? एक प्रयत्न हुकलेला चालतो का? एवढं पाहिलं तरी यादी निम्म्यावर येते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, फ्लोरिडा इथल्या कम्युनिटी हॉस्पिटलांमध्ये परदेशी डॉक्टरांना घेण्याची जुनी रीत आहे. गावांची नावं ओळखीची नसतात, म्हणून ती टाळू नका.

शाखा निवडतानाही हाच विचार हवा. २०२४च्या मॅचनंतर फॅमिली मेडिसिनच्या ६३६ आणि बालरोगाच्या २५२ जागा रिकाम्या राहिल्या. इमर्जन्सी मेडिसिनच्या २०२३मध्ये तब्बल ५५४ जागा रिकाम्या राहिल्या होत्या, पण पुढच्याच वर्षी तो आकडा १३५वर आला. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबून शाखा बदलू नका. एकेकाळी सोपी मानली जाणारी मानसोपचार शाखा आता जवळजवळ पूर्ण भरते. शिवाय रिकामी जागा म्हणजे आपल्याला मिळणारी जागा नव्हे. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी व्हिसाच दिला जात नाही. तरी ज्याला माणसांवर उपचार करायचे आहेत आणि शस्त्रक्रियेचा हट्ट नाही, त्याने फॅमिली मेडिसिनकडे दुय्यम म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं. मात्र मग निबंध, शिफारसपत्रं, अनुभव हे सगळं त्या शाखेशी जुळणारं हवं. कार्डिओलॉजीच्या गप्पांनी भरलेला निबंध घेऊन फॅमिली मेडिसिनकडे गेलेला उमेदवार वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

गेल्या काही वर्षांत ‘सिग्नल’ हा नवा प्रकार आला आहे. अर्ज करताना ठरावीक प्रोग्रॅमना ‘मला तुमच्याकडे विशेष रस आहे’ असं कळवता येतं. २०२०-२१मध्ये कान-नाक-घसा शाखेने हा प्रयोग सुरू केला, मग इतर शाखा आल्या. इंटर्नल मेडिसिनमध्ये २०२४-२५पासून तीन सोनेरी आणि बारा चंदेरी असे पंधरा सिग्नल मिळतात. रँक लिस्टमध्ये हिशेब करायचा नाही असं मी वर म्हटलं, सिग्नलमध्ये मात्र तो पुरेपूर करायचा. तिथे मन मेयो क्लिनिककडे धावू देऊ नका. आपल्यासारखी पार्श्वभूमी असलेले रेसिडेंट जिथे आज काम करत आहेत, जिथे आपण ऑब्झर्व्हरशिप केली आहे, जिथे आपला कुणी सीनियर शिकतो आहे, अशा ठिकाणी सोनेरी सिग्नल खर्च करा. सिग्नल न पाठवलेल्या अर्जाकडे बऱ्याच ठिकाणी आता दुसऱ्यांदा पाहिलंच जात नाही.

अमेरिकेतल्या अनुभवाबद्दल आपल्याकडे फार उशिरा विचार होतो. विद्यार्थी असताना केलेली इलेक्टिव्ह सर्वांत मोलाची, कारण तिथे रुग्णाला हात लावता येतो. पदवी हातात आली की बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे मागे उभं राहून पाहायचं. पुणे, नागपूर, मुंबईच्या कॉलेजांत शिकणाऱ्या ज्या मुलांच्या मनात हा विचार आहे, त्यांनी तो इंटर्नशिप संपण्याआधी अमलात आणावा. पैसे घेऊन महिनाभराची ऑब्झर्व्हरशिप लावून देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. तिथे एकच प्रश्न विचारा: ज्या डॉक्टरकडे मी असेन, ते स्वतः रेसिडेंट्सना शिकवतात का? शिकवत नसतील, तर त्यांच्या पत्राला निवड करणाऱ्यांच्या लेखी फारसं वजन नसतं. एका प्रोग्रॅमला चार शिफारसपत्रं जोडता येतात. चार गुळगुळीत पत्रांपेक्षा ज्याने आपल्याला महिनाभर पहाटे राउंडवर पाहिलं आहे, अशा माणसाची दोन पत्रं बरी.

मागे पडलेल्या वर्षांचं काय? सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. कित्येक जण हे वर्ष अर्जात एका ओळीत गुंडाळतात, जणू ती अडचण होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने सांभाळलेल्या बाळंतिणी, सर्पदंश, विषबाधा, क्षयाचे रुग्ण हा अनुभव अमेरिकन पदवीधराकडे नसतो. इरासमध्ये दहा अनुभव लिहिता येतात आणि त्यांतल्या तिनांबद्दल, ते महत्त्वाचे का, हे सविस्तर सांगता येतं. त्या तिनांत हे वर्ष असू द्या. ज्या वर्षांत खरोखरच काही केलं नाही, ती वर्षं दोन साध्या वाक्यांत सांगून पुढे जा. आजारपण, घरची जबाबदारी, नीट पीजीची तयारी, ही माणसांची कारणं आहेत आणि वाचणारेही माणसंच आहेत. नापासाबद्दलही तसंच. काय झालं, नंतर काय बदललं, त्याचा पुरावा कोणता, एवढंच. खुलासा लांबला की संशय वाढतो.

व्हिसाचा मुद्दा अप्रिय आहे पण टाळता येत नाही. बहुतेकांना ईसीएफएमजी या संस्थेच्या पुरस्काराने जे-वन मिळतो. त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती टाळायची तर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं आणि त्यासाठी ‘कॉनराड ३०’ योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच सवलती देता येतात. एच-वन-बी हवा असेल तर स्टेप थ्री आधी उत्तीर्ण व्हावी लागते. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. त्यामुळे जे-वन देणारे प्रोग्रॅम आपल्या यादीचा कणा असले पाहिजेत.

मग फेब्रुवारी येतो आणि यादी लिहायची वेळ येते. मनातल्या क्रमाने लिहा, हे सांगून झालं. फक्त एक सावधगिरी: शस्त्रक्रियेच्या प्रीलिम जागा या एका वर्षाच्याच असतात. त्या मिळाल्या म्हणजे सर्जन होण्याचा मार्ग मिळाला असं नसतं. ते वर्ष घासून काढायचं आणि शेवटी पुन्हा अर्जाच्या रांगेत उभं राहायचं, हे कित्येकांच्या वाट्याला आलं आहे. तयारी असेल तरच लिहा. जिथे कुठल्याही परिस्थितीत जायचं नाही ते नाव यादीत नको, कारण मॅचचा निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

मार्चमधल्या मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त ‘झालं’ की ‘नाही झालं’ एवढंच कळतं. ज्यांचं झालं नाही त्यांच्यासाठी रिकाम्या जागा भरण्याचा ‘सोप’ हा टप्पा असतो. तो २०१२मध्ये सुरू झाला. त्याआधी रिकाम्या जागांसाठी फोन आणि फॅक्सची जी झुंबड उडायची, तिच्यापेक्षा हे बरंच माणुसकीचं आहे. जास्तीत जास्त ४५ ठिकाणी अर्ज करता येतो. प्रोग्रॅमने आपल्याशी संपर्क करण्याआधी आपण, किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कुणी, त्यांच्याशी संपर्क करायचा नसतो. गुरुवारी फेऱ्यांमध्ये जागा देऊ केल्या जातात आणि उत्तर दोन तासांत द्यायचं असतं. एकदा नाकारलेली जागा परत येत नाही. याची तयारी जानेवारीतच करून ठेवावी: दुसऱ्या शाखेचा निबंध, दुसरी पत्रं. सोमवारी डोळे पुसत निबंध लिहायला बसलेल्या मुलाकडून ते होत नाही.

सोपमध्येही काही हाती लागलं नाही, तर पुढच्या सप्टेंबरला पुन्हा अर्ज करायचा का? माझं उत्तर असं आहे. अर्जात नेमकं काय बदललं, हे एका वाक्यात सांगता येत असेल तर करा. स्टेप थ्री उत्तीर्ण झालो, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात काम करून दोन नवी पत्रं आणली, व्यवस्थित चाळलेली वेगळी यादी केली, यांपैकी काहीतरी घडलेलं हवं. तोच अर्ज वर्षभराने जुना होऊन जातो आणि पदवीचं वर्ष आणखी मागे पडतं. मधल्या वर्षात न्यू जर्सीत नातेवाइकांकडे राहून एकामागून एक ऑब्झर्व्हरशिप करण्यापेक्षा इथल्या एखाद्या हॉस्पिटलात रुग्ण पाहत राहा. हात चालू राहतो, पगार मिळतो आणि अर्जातली जागाही भरते. दोन प्रामाणिक, सुधारत गेलेल्या प्रयत्नांनंतरही मुलाखती आल्या नाहीत, तर तिसऱ्या वर्षाचे पैसे भरण्याआधी इथल्या पीजीचा, ब्रिटनचा किंवा दुसऱ्या एखाद्या देशाचा मार्ग गंभीरपणे तपासा. आणि आईवडिलांना एक विनंती: हा निर्णय त्या मुलाला किंवा मुलीला घेऊ द्या. मार्चच्या त्या सोमवारी ‘लोकांना काय सांगायचं’ हा प्रश्न घरात कुणी विचारू नका.